फडावरची गर्दी आणि मताची पेटी

चिंचोळी एमआयडीसीतल्या पाळीवरून घरी परतलेल्या, कोंडी-पाकणीच्या शिवारातून आलेल्या आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून बसलेल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय थोडा हसण्याचा आहे आणि थोडा मताचा. हसवणारी, गाणारी, नाचणारी, पडद्यावर दिसणारी माणसं निवडणुकीला उभी राहतात. हे कधीपासून चालत आलंय? त्यातली कोण निवडून आली, कोण पडली आणि कुणाला उभं राहायलाच मिळालं नाही? आपलं केंद्र कुठल्या पक्षाचं नाही, म्हणून मत कुणाला द्या हे मी सांगणार नाही. घडलेलं तेवढं सांगते.

सुरुवात तमाशापासून करावी लागते. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, असा तमाशाचा क्रम. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि एक सोंगाड्या असतो. राजाचं चुकलं तर ते भर दरबारात बोलून दाखवायची मुभा फक्त सोंगाड्याला. लोक पोट धरून हसायचे, पण घरी जाताना म्हणायचे, "बोलला ते खरं बोलला." पुढाऱ्यांना कलावंताची गरज का वाटते, याचं उत्तर इथंच आहे. कलावंत गर्दी जमवतो, आणि लोकांना तो आपल्या बाजूचा वाटतो.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. शाहीर अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा. घर गरिबीचं, आणि गाण्याचं बाळकडू आईकडून मिळालेलं. पुढं ते कामगारांच्या चळवळीत आले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या डफावर थाप पडली की मैदान भरायचं. भाषणं नंतर, शाहीर आधी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. त्या लढ्यातले कितीतरी पुढारी आमदार, खासदार झाले. अण्णाभाऊ आणि अमर शेख मात्र कधी आमदार-खासदार झाले नाहीत. १९६९ साली इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. लोकांच्या तोंडी त्यांचा आवाज राहिला, सभागृहाच्या यादीत नाव नाही.

त्याच लढ्यातून एक हसवणारा माणूस मात्र विधानसभेत गेला, तो म्हणजे आचार्य अत्रे. 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी' ही त्यांची विनोदी नाटकं. 'श्यामची आई' हा सिनेमाही त्यांचाच, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला सिनेमा. १९५७ साली ते दादरमधून निवडून आले. केवळ विनोदावर आले का? तसं नाही. त्याआधी ते शिक्षक होते, पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले होते. तिथल्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९५६ मध्ये त्यांनी 'मराठा' हे दैनिक काढलं आणि रोज लढ्याची बाजू मांडली. म्हणजे विनोदाच्या मागं काम होतं, आणि कामाच्या मागं अख्खी चळवळ होती.

निवडून न येताही सभागृहात जायचं एक दार आपल्या घटनेनं ठेवलंय. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्या माणसांना राज्यपाल विधान परिषदेवर नेमू शकतात. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर १९६२ साली याच दारानं गेले. २०२० साली गायक आनंद शिंदे यांचं नाव सरकारनं राज्यपालांकडं पाठवलं होतं, पण ती अख्खी यादीच अडकून पडली.

आता दादा कोंडके. 'सोंगाड्या' आला १९७१ साली. दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बाळासाहेब स्वतः मूळचे व्यंगचित्रकार, म्हणजे तेही एका अर्थी हसवणारेच. पुढं दादा शिवसेनेच्या प्रचाराला जायचे, आणि दादा येणार म्हटलं की गावं लोटायची. पण दादा स्वतः आमदार-खासदार झाले नाहीत, आणि बाळासाहेबांनीही कधी निवडणूक लढवली नाही. पु. ल. देशपांडे यांचंही तसंच. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी जनता पक्षासाठी सभा गाजवल्या, पण स्वतःसाठी खुर्ची मागितली नाही.

मग टीव्ही घरात आला आणि चित्र बदललं. पूर्वी कलावंत वर्षातून एकदा जत्रेत दिसायचा, आता तो रोज संध्याकाळी आपल्या घरात यायला लागला. 'होम मिनिस्टर' आठवतंय ना? २००४ पासून आदेश बांदेकर घराघरात जाऊन वहिनींना बोलतं करायचे आणि जिंकणारीला पैठणी मिळायची. महाराष्ट्रातल्या बायकांचे ते भावोजी झाले. २००९ साली तेच भावोजी मुंबईच्या माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेला उभे राहिले आणि पडले. २०१४ साली अभिनेते-दिग्दर्शक महेश मांजरेकर मनसेकडून लोकसभेला उभे राहिले, तेही पडले. २०१९ साली उर्मिला मातोंडकर उत्तर मुंबईतून हरल्या. त्याच उत्तर मुंबईत २००४ साली गोविंदानं राम नाईकांसारख्या जुन्या खासदाराला हरवलं होतं. पण पाच वर्षं खासदार मतदारसंघात दिसत नाहीत ही तक्रार गाजत राहिली, आणि २००९ ला गोविंदा पुन्हा उभाच राहिला नाही.

यातून काय दिसतं? बघायला येणारी गर्दी आणि मत देणारी रांग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नटाला बघायला आपण पळत जातो, सोबत फोटो काढतो. त्या दिवशी खर्च होतो तो आपला एक तास. मत दिलं की मात्र पाच वर्षं जातात. हा हिशेब बाया चोख करतात. बचत गटात कर्ज देताना आपण "बोलायला गोड आहे" म्हणून देत नाही, मागची फेड बघतो.

निवडून आलेलेही आहेत. डॉ. अमोल कोल्हे पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचे. मालिकांत त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज आणि छत्रपती संभाजी महाराज साकारले. २०१९ ला आणि परत २०२४ ला ते शिरूरमधून लोकसभेवर गेले.

नारायणगाव म्हटलं की मला दुसरंही एक नाव आठवतं आणि तिथं थांबावंसं वाटतं. विठाबाई नारायणगावकर. जन्म आपल्या पंढरपूरचा, १९३५ चा. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात त्या वाढल्या. पोटात मूल घेऊन बोर्डावर नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढं उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला. तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला.

कोल्हे यांच्या यशाला मी नावं ठेवत नाही. मी एवढंच म्हणते की एकाच गावानं दोन मोठे कलावंत दिले आणि दोघांच्या वाट्याला काय आलं ते बघा. महाराजांची भूमिका करणाऱ्या पुरुषाकडं लोक आदरानं बघतात. लावणी करणाऱ्या बाईला शिट्टी मिळते, बिदागी मिळते आणि पाठ वळली की नाव ठेवणं मिळतं. आपल्या जिल्ह्यात मोडनिंबची कला केंद्रं आहेत, अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरायच्या. त्या स्पर्धांनी लावणीला मान मिळवून दिला हे खरंच. पण पहिल्या रांगेत पुढारी आणि बोर्डावर बाई, ही मांडणी काही बदलली नाही. फडातून आलेली बाई महाराष्ट्राच्या विधानसभेत बसली, असं आजवर घडलेलं नाही.

२०२१ साली लावणी कलावंत सुरेखा पुणेकर यांनी राजकीय पक्षात प्रवेश करायचं ठरवलं. त्याच दिवसांत विरोधी बाजूच्या एका मोठ्या नेत्यानं शिरूरच्या कार्यक्रमात रंगवलेल्या गालांवरून शेरा मारला आणि राज्यभर वाद झाला. मला त्यातलं हे खटकलं की नट राजकारणात आला की आपण विचारतो, "याला जमेल का?" आणि नाचणारी आली की तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. काम काय करणार, हे तिला कुणी विचारतच नाही.

आता आपल्या राज्याबाहेर डोकावू. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या तेलुगू विणकर घरांतल्या मैत्रिणींना एन. टी. रामाराव हे नाव सांगायला नको. सिनेमात राम-कृष्णाच्या भूमिका करणारे रामाराव. त्यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. दोन रुपये किलो तांदूळ दिला. तिरुपतीला महिलांचं विद्यापीठ सुरू झालं. आणि १९८६ च्या कायद्यानं आंध्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. हा हक्क महाराष्ट्रात यायला १९९४ उजाडलं, आणि देशभर २००५. आज आपल्यातली एखादी माहेरच्या जमिनीत नाव लावायला तलाठ्याकडं जाते, त्या वाटेवर एका नटाच्या सरकारचंही पाऊल आहे.

शेजारच्या तामिळनाडूत जयललिता या अभिनेत्री. १९८९ साली भर विधानसभेत त्यांची साडी ओढली गेली आणि १९९१ साली त्या मुख्यमंत्री म्हणून त्याच सभागृहात परतल्या. पंजाबात भगवंत मान आधी विनोदी कार्यक्रम करायचे, २०२२ पासून मुख्यमंत्री. लांब युक्रेनमध्ये वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी मालिकेत राष्ट्राध्यक्ष झालेल्या शाळामास्तरची भूमिका केली होती, आणि २०१९ साली ७३ टक्के मतं घेऊन ते खरेच राष्ट्राध्यक्ष झाले. तीन वर्षांत दारात युद्ध आलं. खुर्चीवर बसल्यावर कुणी संवाद लिहून देत नाही.

मैत्रिणींनो, कलावंतानं निवडणूक लढवू नये असं मी म्हणणार नाही. शेतकरी उभा राहतो, वकील उभा राहतो, तशी गाणारी का नको? २०११ पासून आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या जागेवर उद्या एखादी भारूड म्हणणारी, एखादी आराधीण, एखादी ढोलकीच्या फडातली बाई उभी राहिली, तर तिच्या पायातल्या चाळांकडं बघून हसू नका. जो प्रश्न टीव्हीवरच्या देखण्या नटाला विचाराल, तोच तिला विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात मत मागायला आलेल्या कलावंतानं आधी गावासाठी काय केलं होतं? निवडून आल्यावर तो ग्रामसभेला, मतदारसंघात किती वेळा आला? आणि आपल्या वाडीवस्तीवर चांगली बोलणारी, गाणारी, लोकांना धरून ठेवणारी कोण आहे, जिला अजून कुणी "तू उभी राहा" म्हटलेलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर त्या बाईला पुढच्या ग्रामसभेला सोबत घेऊन या.

नमस्कार.