बाबादाग : समुद्रकांठचें एक शिखर

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येस, भूमध्य समुद्राला अगदीं खेटून, बाबादाग नांवाचा डोंगर उभा आहे. त्या नांवाचा अर्थ 'बापडोंगर'. त्याची उंची सुमारें १९६९ मीटर, म्हणजे साडेसहा हजार फुटांस थोडीशीच कमी. आणि एवढें उंच शिखर समुद्रापासून पुरतें पांच किलोमीटरहि दूर नाहीं. पायथ्याशीं ओलुदेनिझ नांवाची सरोवरासारखी निवांत खाडी आहे. ह्या शिखराच्या उतारांवरून आज माणसें कापडी पंखाला स्वतःस बांधून घेऊन धांवत सुटतात आणि समुद्रावर घिरट्या घालीत खालच्या वाळूवर उतरतात. ह्या खेळास पॅराग्लायडिंग म्हणतात. खेळ अलीकडचा खरा. परंतु डोंगराजवळच्या गांवाचें नांव उड्डाणाशीं त्याच्या कितीतरी आधीं जडलेलें आहे.

तें गांव म्हणजे फेथिये. पूर्वीं त्यास मक्री म्हणत. १९१४ च्या फेब्रुवारींत इस्तंबूलहून कैरोकडे दोन विमानें निघालीं. बाल्कन युद्धांतील पराभवानें राज्याची गेलेली पत थोडीबहुत सांवरावी, हा त्या प्रवासाचा हेतु. पहिल्या विमानांत फेथी बे व त्याचा सोबती सादिक बे हे होते. कापडानें मढविलेल्या त्या नाजूक यंत्रांतून त्यांनीं दमास्कस गांठलें. मात्र तेथून पुढें जातांना २७ फेब्रुवारी रोजीं तिबेरियस सरोवरानजीक विमान कोसळलें आणि दोघेहि प्राणांस मुकले. दुसऱ्या विमानांतील नुरी बे मार्चमध्यें याफाजवळ समुद्रांत बुडाला. त्याचा सोबती तेवढा वांचला. अखेर मे महिन्यांत सलीम बे व कमाल बे यांनीं तो प्रवास पुरा केला. फेथी बेला दमास्कस येथें सलादीनच्या कबरीशेजारीं मूठमाती मिळाली. पुढें वीस वर्षांनीं, १९३४ सालीं, मक्रीचें नांव पालटून त्याच्या स्मरणार्थ फेथिये असें ठेवण्यांत आलें. तो त्या गांवचा नव्हता; त्याची वाटहि तिकडून गेलेली नव्हती. जिंकणारांचीं नांवें गांवांना देण्याची चाल सर्वत्र आढळते. मुक्कामास न पोहोंचलेल्याचें नांव असें मिरविणारें गांव विरळाच.

बाबादागवरचा पंख मात्र विमानापासून निपजलेला नाहीं. तो निपजला हवाई छत्रीपासून, म्हणजे पडणाऱ्याला सावकाश पाडणाऱ्या साधनापासून. १९६४ च्या सुमारास डॉमिना जॅल्बर्ट या पतंग करणाऱ्या कारागिरानें छत्रीचा घुमट टाकून देऊन लांबट कापडी पंख बनविला. त्यांत ओळीनें कप्पे असून त्यांचीं तोंडें पुढच्या बाजूस उघडीं असतात. त्यांत वारा भरला कीं लुळें कापड फुगून ताठ होतें व त्यास पंखाचा आकार येतो. लाकूड नाहीं, लोखंड नाहीं. वारा हाच त्याचा सांगाडा. अमेरिकेंतच डेव्हिड बॅरिश यानें १९६५ सालीं आपल्या निराळ्या घडणीच्या पंखानिशीं बर्फावरील खेळाच्या उतारावरून धांवत जाऊन तरंगून दाखविलें. लोकांनीं कौतुकानें पाहिलें आणि विसरून गेले. ह्या विद्येच्या इतिहासांत त्याचा मान फार उशिरां त्याच्या पदरांत पडला, हा अन्यायच म्हटला पाहिजे.

पुढें १९७८ च्या जूनमध्यें फ्रान्समधील म्यूसी गांवीं बेतां, बॉन व बोसों या तीन छत्रीधारकांनीं विमानाचा खर्च वांचवावा म्हणून डोंगराच्या उतारावरूनच धांवून पाहिलें. त्यांतील बॉन तरंगत तरंगत सुमारें हजार मीटर खालच्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उतरला. शोधाच्या मुळाशीं पुष्कळदां काटकसर असते, ती अशी! तेथून हा खेळ देशोदेशीं पसरला.

बाबादागला त्यांत जें स्थान लाभलें, तें समुद्रामुळें. उन्हानें जमीन लौकर तापते, पाणी सावकाश तापतें. म्हणून दिवसा समुद्रावरचा गार वारा किनाऱ्याकडे वाहूं लागतो. तो डोंगरास अडला कीं उतारास धरून वर चढतो. उडणारास वारा सामोरा लागतो. पाठीमागचा वारा पंख नीट भरूं देत नाहीं आणि धांव कड्यापर्यंत पोहोंचवितो. म्हणून १२००, १७००, १८०० व १९०० मीटर उंचीवर निरनिराळ्या जागा तयार केल्या आहेत आणि वारा व ढग पाहून त्यांतील एक निवडतात. २०२१ पासून वर जाण्यास तारेवरचा पाळणाहि झाला आहे.

तथापि कापड तें कापडच. डोंगराच्या कडेस वारा भोंवऱ्यासारखा फिरतो; तेथें पंखाची एक बाजू एकाएकीं मिटूं शकते. उंची भरपूर असल्यास तो पुन्हां उघडण्यास अवकाश मिळतो; खडक जवळ असल्यास मिळत नाहीं. म्हणून जाणता चालक कड्यापासून लौकर दूर होतो आणि पाण्याकडे वळतो. सायंकाळीं जमीन निवूं लागते, समुद्राकडून येणारा वारा मंदावतो व अखेर उलट फिरतो.