तिसरा हात

एका माणसाला तीन हात! फ्रेंच चित्रकार अँग्र (१७८०-१८६७) याची पेन्सिलीने काढलेली अभ्यासचित्रे पाहताना आम्ही प्रथम गोंधळलो. मग ध्यानात आले, की ही पूर्ण चित्रे नव्हेतच. मोठे रंगचित्र करण्यापूर्वीची ती तयारी आहे. हात वर उचललेला बरा की छातीशी घेतलेला, हे चित्रकार कागदावर पडताळून पाहत होता. नको असलेला हात त्याने पुसला नाही. शेजारी दुसरा काढला.

अशा कामाला बारीक, सहज न फिसकटणारी रेघ लागते. ती कोळशापेक्षा ग्रॅफाइटने चांगली उमटते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि कागदाच्या खरखरीत तंतूंत अडकून राहतात.

उत्तम ग्रॅफाइट इंग्लंडमधील बॉरोडेलच्या खाणीतून येई. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाले व फ्रान्सला ते मिळेनासे झाले. तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळली आणि तिच्या कांड्या भट्टीत भाजल्या. माती जास्त असेल तर पेन्सिल कठीण व रेघ फिकट. माती कमी असेल तर पेन्सिल मऊ व रेघ काळी. १७९५ मध्ये त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. पेन्सिलीवरच्या 'एच' आणि 'बी' या खुणांमागे आजही मातीचे हेच प्रमाण असते. १७९७ मध्ये तरुण अँग्र शिकण्यासाठी पॅरिसला आला.

पुढे १८४० नंतरच्या दशकात दांपिएर येथील एका सरदाराच्या वाड्यात त्याने 'सुवर्णयुग' हे भित्तिचित्र हाती घेतले. त्यासाठी शेकडो अभ्यासचित्रे काढली. भित्तिचित्र अपुरेच राहिले. त्यामागचा विचार समजून घ्यायचा, तर आज या कागदांकडेच वळावे लागते.

असे चित्र पाहताना आपण तीन गोष्टी शोधू या. कोणती रेघ पुन्हा पुन्हा गिरवली आहे? कोणती हलकीच ओढून सोडून दिली आहे? आकृतीवर चौकटी आखल्या आहेत का? चौकटी असतील, तर आकृती मोठी करून भिंतीवर किंवा कॅनव्हासवर उतरवण्याचे ठरले होते, असे समजावे.

आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही असे 'तिसरे हात' असतात: अर्ध्यावर सोडलेले गणित, चुकलेली आकृती. "खोडून नीट लिहून आण," असे आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो. आता मात्र आधी ते पान वाचून पाहतो. मूल कुठे अडले आणि कुठून वळले, ते तिथेच दिसते.