सवलतीकडून कर्तव्याकडे : भिवंडीच्या पालिका शाळा आणि दिव्यांग मुलांचा हक्क

दिव्यांग मुलांच्या शालेय हक्काचा इतिहास भिवंडीत पाहायचा, तर पालिकेच्या शाळेपासून आरंभ करावा लागतो. कारण यंत्रमागांवर वाढलेल्या या शहरात गरीब कामगार कुटुंबांना मोठा आधार याच शाळेचा राहिला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यात आजारपण व शारीरिक दुर्बलता ही गैरहजेरीची ग्राह्य कारणे मानली होती. ते विधेयक फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने झालेल्या 1918 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. अंध व कर्णबधिर मुलांसाठी मुंबईत तोवर शाळा निघाल्या होत्या, पण त्या प्रामुख्याने धर्मादाय वृत्तीवर उभ्या होत्या. तेथील प्रवेश हा कायद्याने मागता येणारा हक्क नव्हता.

असा हक्क प्रथम 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने दिला. अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी त्याने शासन व स्थानिक संस्थांवर टाकली, मात्र त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2010 मध्ये अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आणि 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा वंचित घटकात स्पष्ट समावेश केला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या 21 वर नेली आणि समावेशक शिक्षण, म्हणजे दिव्यांग व इतर मुलांनी एकत्र शिकावे व अध्यापनपद्धती त्यांच्या गरजेनुसार बदलावी, हे तत्त्व मान्य केले.

या तत्त्वाचा अर्थ वर्गात उतरल्यावरच नीट उमगतो. हात चालत नसलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळाला पाहिजे, तर अंध मुलीच्या हाती ब्रेल पुस्तक आले पाहिजे. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. त्यामुळे मतिमंद मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवू शकणारा विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, येथे अधिकच निकडीचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र शासनाने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरवले.

शंभर वर्षांत कायद्याचा रोख असा पूर्णपणे फिरला आहे : पूर्वी दुर्बलतेमुळे मुलाला शाळेतून सूट मिळे, आज त्याच कारणाने शाळेला जबाबदारी टाळता येत नाही. 2016 च्या कायद्याने दर पाच वर्षांनी शालेय मुलांचे सर्वेक्षण बंधनकारक केले आहे, आणि ते यंत्रमागांच्या गल्लीबोळांतील प्रत्येक घरापर्यंत पोचले पाहिजे. कारण ज्या मुलाची नोंदच झाली नाही, त्याच्यासाठी शिक्षक नेमला जात नाही आणि त्याचा हक्क कागदावरच राहतो.