साठ वर्षांची अट : प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’

२३ एप्रिल २०१७ च्या रात्री दिल्लीच्या प्रगती मैदानात यंत्रे शिरली आणि सकाळपर्यंत ‘हॉल ऑफ नेशन्स’ जमीनदोस्त झाले. या प्रदर्शन दालनाचे वय होते अवघे ४५ वर्षे. ते वाचू शकले नाही, याचे एक कारण त्याचे हे तारुण्यच ठरले. 🧵

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, पुराना किल्ल्यानजीकच्या या मैदानावर ‘एशिया ७२’ हा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला. त्यासाठी पुस्तकांपासून अवजड यंत्रांपर्यंत काहीही मांडता येईल असे, मध्ये एकही खांब नसलेले दालन हवे होते. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांनी त्यासाठी ‘स्पेस फ्रेम’ निवडली. म्हणजे त्रिकोणांच्या जाळीतून उभा राहणारा, आपला भार आपणच पेलणारा सांगाडा.

असे सांगाडे जगभर पोलादाचे होत. भारतात मात्र पोलाद महाग आणि दुर्मीळ, मजूर मुबलक. म्हणून हा सांगाडा लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये, जागच्या जागी, बव्हंशी हातांनी ओतला गेला. सत्तर मीटरांहून अधिक रुंदीचे ते मोकळे दालन अशा पद्धतीने बांधलेले जगातील पहिले मोठे उदाहरण मानले जाते. सांगाड्याची खोल जाळी ऊनही अडवी. जुन्या वाड्या-महालांतील दगडी जाळीचेच हे काम. टंचाईतून इतकी देखणी गोष्ट क्वचितच घडते.

पुढे दर नोव्हेंबरचा व्यापार मेळा, राज्याराज्यांची दालने, पुस्तक मेळे यांमुळे प्रगती मैदान दिल्लीकरांच्या सवयीचे झाले.

मग नव्या संकुलाची योजना आली. ‘इंटॅक’सह अनेकांनी विरोध केला, देशोदेशीच्या संग्रहालयांनी पत्रे लिहिली. परंतु दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने साठ वर्षांहून जुन्या वास्तूंचाच विचार करण्याचे ठरवले होते. ‘हॉल ऑफ नेशन्स’ला ती अट पूर्ण करायला २०३२ उजाडले असते! उच्च न्यायालयाने २० एप्रिलला याचिका फेटाळली. पाडकाम तीनच दिवसांत झाले. शेजारचे ‘नेहरू पॅव्हेलियन’ही गेले.

मैदान जुने झाले होते, मोठ्या परिषदांसाठी जागा हवी होती, हे खरेच. पण साठ हा आकडा वास्तूचे मोल सांगत नाही, फक्त तिचे वय सांगतो.

जुलै २०२३ मध्ये त्याच मैदानावर ‘भारत मंडपम’चे उद्घाटन झाले आणि सप्टेंबरात तेथे जी-२० शिखर परिषद भरली. त्याआधी, २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियाच्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे प्रदर्शन मांडले होते. पाडलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ त्यात होते.