न दिसणारा टाका



वर्धापनदिनाची स्मरणिका ही कृतज्ञतेची वही असते. ज्यांची नावे सहसा कोणी विचारीत नाही, त्यांची आठवण तीत अगोदर व्हावी, अशा विचाराने मी यंदा चित्रपटाच्या इतिहासातील एका कर्तबगार स्त्रीचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. नटनट्यांची नावे आपणां सर्वांना तोंडपाठ असतात. गायिका कोण, संगीत कोणाचे, हेही आपण चटकन सांगू. पण ‘संकलन’ या शब्दापुढे आलेले नाव आपल्यापैकी किती जणींनी वाचले असेल? ‘जाने भी दो यारो’, ‘अर्धसत्य’, ‘परिंदा’ या चित्रपटांत त्या जागी एकच नाव आहे : रेणू सलुजा.

संकलन म्हणजे काय, हे आधी सांगते. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने काढीत नाहीत. शेवटचा प्रसंग आधी, पहिला नंतर, आणि एकच प्रसंग चार बाजूंनी चार वेळा, असे ते काम चालते. या तुकड्यांच्या राशीतून नेमके वेचून, कमीजास्त करून गोष्ट जुळवायची ती संकलकाने. रेणूबाईंच्या उमेदीच्या काळात हे सारे प्रत्यक्ष फिल्मवर होई. एका सेकंदाला 24 चित्रे, एका मिनिटाला 90 फूट फिल्म. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला 10,800 फूट. काढलेली फिल्म याच्या कित्येक पट. टेबलावर ती पुढेमागे फिरवून पाहायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे तर शिवणकामच झाले! काही अंशी खरे आहे. पण त्यात एक मोठी गोष्ट राहते. समजा, पडद्यावर सासू बोलते आहे आणि सून ऐकते आहे. चेहरा कोणाचा दाखवायचा? बोलणारीचा दाखविला तर गोष्ट सासूची होते. ऐकणारीचा दाखविला की तीच गोष्ट सुनेची होते. शब्द तेच, अभिनय तोच, अर्थ मात्र पालटला. हा निर्णय संकलनाच्या टेबलावर होतो. कथा अखेर कोणाच्या बाजूने सांगितली जाणार, हे ज्या हातांवर अवलंबून, ते हात हलके कसे म्हणावेत?

आपल्याकडे स्त्रियांचे हात या धंद्याला अगदी पहिल्या दिवसापासून लागलेले आहेत. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा कोरी फिल्म कडेची भोके न पाडलेली अशी येई. रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके त्या भोके पाडीत. फिल्म धुण्याच्या कामी त्यांची मदत असे, मंडळींचा स्वयंपाकही त्याच सांभाळीत, आणि भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. तरीही पुढे बरीच वर्षे चित्रपटाची यंत्रे आणि खटपटी हा पुरुषांचा प्रांत मानला गेला. पडद्यावर स्त्री हवी. पडद्यामागच्या टेबलाशी ती क्वचितच दिसे.

ज्या जागी एके काळी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, त्या पुण्याच्या जागेत 1960 साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. 1952 साली जन्मलेल्या रेणूबाई तेथे शिकण्यास आल्या. त्यांचा ओढा दिग्दर्शनाकडे होता. पण त्या शाखेत प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्यांनी संकलन घेतले आणि 1976 साली अभ्यासक्रम पुरा केला. वाट्याला आलेली दुसरी वाट त्यांनी अशी काही चालून दाखविली, की पुढे दिग्दर्शकच त्यांच्या दाराशी येऊ लागले.

1980 साली सईद मिर्झा यांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ आला. 1983 साली तर दोन टोकांचे दोन चित्रपट आले. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये महाभारताच्या नाटकात मृतदेहालाच द्रौपदी करून उभे केले आहे. हसू येते ते पळभर आधी किंवा नंतर कापले तर हरपून जावे, इतका तेथला ताल नाजूक आहे. गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ म्हणजे आपल्या श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. तेथे हसू नाही. मनात कोंडलेला संताप आहे. एकाच वर्षी एकाच व्यक्तीने दोन्ही सांभाळले. मला त्यांच्या कामाचे सर्वांत मोठे कौतुक वाटते ते हेच. आपला ठसा उमटविण्यापेक्षा चित्रपटाचा स्वभाव ओळखणे त्यांनी महत्त्वाचे मानले.

विधु विनोद चोप्रा आणि त्या विवाहबद्ध झाल्या होत्या. पुढे संसार वेगळे झाले, तरी कामातला विश्वास तुटला नाही. विभक्त झाल्यानंतरही चोप्रांचे ‘परिंदा’ आणि ‘1942 : अ लव्ह स्टोरी’ रेणूबाईंनीच संकलित केले. नाते सरल्यावरही गुणांची कदर राहू शकते, हे आपल्या समाजात मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

उत्कृष्ट संकलनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले : 1989 चे ‘परिंदा’साठी, 1991 चे ‘धारावी’साठी, 1993 चे ‘सरदार’साठी आणि 1998 चे ‘गॉडमदर’साठी. ‘बँडिट क्वीन’, ‘परदेस’, ‘हैदराबाद ब्लूज’, ‘हे राम’ अशी एकमेकांशी न जुळणारी चित्रे त्यांच्या हाताखालून गेली. नामवंतांबरोबर नवख्यांसाठीही त्या टेबलाशी बसल्या. 16 ऑगस्ट 2000 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 48 वर्षांचे. आज हे काम संगणकावर होते, आणि आरती बजाज, दीपा भाटिया, नम्रता राव अशा स्त्रिया ते नावाजून करीत आहेत.

उत्तम संकलन दिसत नाही, असे जाणकार म्हणतात. उत्तम टाकाही दिसत नाही. वस्त्र तेवढे दिसते. आपल्या घरांतली आणि मंडळांतली पुष्कळ कामे याच जातीची आहेत. सतरंज्या कोणी घातल्या, हिशेब कोणी जुळविला, भांडणारांना कोणी जुळवून घेतले, हे कार्यक्रम रंगला की कोणाला आठवत नाही. काम न दिसणे हा त्या कामाचा गुण असेल. करणारीचे नाव विसरणे हा मात्र पाहणाऱ्यांचा दोष आहे. तेव्हा पुढच्या वेळी चित्रपट पाहाल, त्या वेळी नामावलीतील ‘संकलन’ ही ओळ येईपर्यंत डोळे पडद्यावर ठेवा, आणि ते नाव शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवा, एवढीच माझी विनंती आहे.