घशाला भोक पाडलं तर क्लेम पास: घोरण्याचा, सीपॅपचा आणि विम्याच्या एका कलमाचा इतिहास

हा भाग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असाल तर जरा पॉज करा आणि शेजारच्या खोलीतला आवाज ऐका. कोणी घोरतंय का? आणि घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतंय का? ती शांतता किती टिकते ते मोजा. माझ्या बाबांची मी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजली होती. ३८ सेकंद. मग गुदमरून वर आल्यासारखा एक मोठा आवाज, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं चालू.

आमच्याकडे हा वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होता. गावी लग्नाला गेलो की बाबांना वेगळी खोली, आणि सकाळी चहाच्या वेळी कुंभकर्णावरून ठरलेले विनोद. बाबा स्वतःही हसायचे. ते चाकणच्या पट्ट्यात कंपनीच्या कामगारांची बस चालवतात. एके दिवशी आईला त्यांनी हळूच सांगितलं की सिग्नलला उभे असताना डोळा लागला आणि मागच्या ट्रकच्या हॉर्नने जाग आली. बसमध्ये तेव्हा चाळीसेक माणसं होती. त्यानंतर आमच्याकडे कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला सांगितली. बाबा एक रात्र हॉस्पिटलमध्ये झोपले, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून. बिल १४ हजार. रिपोर्टमध्ये आकडा आला ४१, म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र समजतात. उपाय म्हणजे सीपॅप मशीन. मशीन, मास्क, नळी सगळं धरून कोटेशन ५८ हजारांचं. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा दोघंही आहेत, तेव्हा मी निवांत होते. टेस्टचा क्लेम टाकला, नामंजूर: केवळ तपासणीसाठी दाखल. मशीनचं विचारलं, उत्तर आलं की उपकरणाचे पैसे मिळत नाहीत.

मी चिडले आणि पॉलिसीची पीडीएफ पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. (खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे?) वाचता वाचता एक गंमत सापडली. म्हणजे गंमत म्हणायची आणि कपाळावर हात मारायचा. ती काय ते सांगतेच, पण आधी हे सगळं असं का झालं ते बघू. त्यासाठी थेट १८३६ सालच्या लंडनमध्ये जावं लागतं.

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ तेव्हा हप्त्याहप्त्याने छापून येत होती. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता झोपतो, आणि घोरतो. वाचक हसले, कारण लेखकाने ते हसण्यासाठीच लिहिलं होतं. पुढची सव्वाशे वर्षं जगाने असल्या माणसांकडे साधारण त्याच नजरेने पाहिलं: आळशी, खादाड, झोपाळू. आमच्या लग्नघरातले विनोद काही निराळे नव्हते.

१९५६ मध्ये अमेरिकेत बरवेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. हा गृहस्थ खूप लठ्ठ होता आणि दिवसा कुठेही झोपायचा, पण तेवढ्यासाठी तो काही डॉक्टरकडे गेला नव्हता. एकदा पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्ते खेळणाऱ्यांना कळेल की असा हात रोज येत नाही. आणि ऐन त्या वेळी त्याला झोप लागली. डाव गेला. त्यानंतर तो हॉस्पिटलात दाखल झाला! डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं पिकविकियन सिंड्रोम. नाव झकास होतं, पण त्यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. लठ्ठपणामुळे फुप्फुसं नीट भरत नाहीत, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून गुंगी येते, असं त्यांनी मांडलं. रुग्ण झोपेत असताना काय होतं, हे बघायला रात्री कोणी जागं राहिलंच नव्हतं.

ते काम १९६५ मध्ये झालं, आणि दोन ठिकाणी स्वतंत्रपणे. फ्रान्समध्ये मार्सेय इथे गास्तो आणि त्यांच्या साथीदारांनी, जर्मनीत युंग आणि कूलो यांनी. झोपलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या लहरी आणि श्वास एकाच वेळी कागदावर उतरवले, तेव्हा दिसलं की छाती-पोट जोर लावतंय, पण नाकातोंडातून हवाच जात नाहीये. घशाचा मऊ भाग झोपेत सैल पडतो आणि वाट बंद होते. प्राणवायू कमी झाला की मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. बाबा तासाला ४१ वेळा दचकत होते आणि सकाळी म्हणायचे, “मस्त झोप झाली.”

उपाय काय, तर नळ चोंदला की त्याच्या खालून पाइप काढायचा. १९६९ मध्ये कूलो आणि मंडळींनी ट्रॅकिओस्टॉमीचा उपाय छापला. म्हणजे गळ्याला समोरून भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची आणि रात्री त्यातून श्वास घ्यायचा. हा उपाय खरोखर लागू पडायचा. पण कल्पना करा, आयुष्यभर गळ्याला भोक. पोहणं बंद. बोलायचं तर नळी बंद करून बोलायचं. पुढे १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियन गियमिनो यांच्या टीमने या आजाराची व्याख्या नीट मांडली. लठ्ठ नसलेल्यांना आणि लहान मुलांनाही तो होतो हे याच काळात त्यांनी दाखवून दिलं. तरी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज तोच राहिला, गळ्याचं भोक.

आता सिडनीला येऊ. मी इंजिनियर असल्यामुळे हा भाग मला सगळ्यात आवडतो. रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमधले कॉलिन सलिव्हन झोपेतल्या श्वासावर कुत्र्यांवर प्रयोग करायचे, आणि त्यासाठी कुत्र्याच्या नाकाडावर घट्ट बसणारे मास्क बनवायचे. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण होता. आजार तीव्र, आणि गळ्याला भोक पाडून घ्यायला तयार नाही. सलिव्हननी विचार केला: वाट आत ओढली जाऊन बंद होते ना, मग नाकातून थोडा दाब देऊन ती आतून फुगवून ठेवली तर? व्हॅक्युम क्लीनरची मोटर हवा ओढते, तीच उलटी जोडली की हवा फेकते. एक ब्लोअर, एक नळी, आणि चेहऱ्यावर सिलिकॉनने चिकटवलेला मास्क. दाब वाढवला आणि श्वास थांबायचे थांबले. कमी केला, पुन्हा थांबायला लागले. एकाच रात्री, एकाच माणसावर, चालू-बंद करून सिद्ध. याहून स्वच्छ टेस्टिंग मी आमच्या ऑफिसात पाहिलेलं नाही.

१९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा तो निबंध आला. दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका. स्ट्रॉ दहा सेंटिमीटर पाण्यात बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा, तेवढाच. एवढ्या फुंकरीने गळ्याचं ऑपरेशन टळलं. १९८५ मध्ये अमेरिकेत ही मशिनं बाजारात आली. सलिव्हन यांच्या शोधावर ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये एक कंपनी उभी राहिली, तीच आजची रेसमेड.

आणि इथेच विम्याची गाडी वेगळ्या रुळावर गेली. उपचार ऑपरेशन थिएटरमधून उठून घरच्या टेबलावर आला, पैसे मात्र अजून हॉस्पिटलच्या खाटेला बांधलेले होते. अमेरिकेच्या मेडिकेअरने १९८७ मध्ये सीपॅपचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हाची अट ऐका: ज्याच्यासाठी ऑपरेशन हा संभाव्य पर्याय आहे, त्यालाच. सुरीला स्वस्त पर्याय म्हणूनच मशीन आत शिरलं. घरच्या घरी केलेली टेस्ट मान्य व्हायला २००८ उजाडलं. मशीन आधी १३ महिने भाड्याने देतात. आणि पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांचा असा एक काळ दाखवावा लागतो, ज्यात ७० टक्के रात्री किमान चार-चार तास मास्क लावलाय. मशीनमधल्या मोडेमवरून हिशेब जातो. तिथे पैसे मिळतात, पण तुमची झोप कोणीतरी मोजत असतं. मला हे खटकतं. तरी काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं, हेही कबूल.

आपल्याकडे मेडिक्लेम आला १९८६ मध्ये, सरकारी विमा कंपन्यांकडून. म्हणजे सीपॅप बाजारात आल्याच्या पुढच्याच वर्षी. पण मेडिक्लेमचा पाया होता दाखल होणं. आजारी पडलात, भरती झालात, बिल आलं, ते आम्ही देऊ. त्यात घरी रोज वापरायच्या यंत्राला जागाच नव्हती. पुढे विमा नियामकाने पैसे न मिळणाऱ्या गोष्टींची प्रमाणित यादी काढली, तीत सीपॅपचं नाव स्पष्ट लिहून ‘उपकरण देय नाही’ असा शेरा आला. २०१९ मध्ये वगळलेल्या गोष्टींची कलमंही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं चौथं कलम: मुख्यतः तपासणीसाठी भरती झालात तर खर्च मिळणार नाही. बाबांची टेस्ट तिथे अडकली.

आणि आता ती गंमत. त्याच यादीत सहावं कलम लठ्ठपणाच्या उपचारांबद्दल आहे. तेही वगळलेले, पण अपवाद ठेवून. बीएमआय ३५ किंवा जास्त, सोबत तीव्र स्लीप ॲप्निया, आणि साधे उपाय करून थकलेला माणूस असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या वजन घटवण्याच्या ऑपरेशनला हे कलम आडवं येत नाही. म्हणजे याच आजारासाठी जठर कापून घेतलं तर काही लाखांचा क्लेम पास होऊ शकतो, आणि ५८ हजारांच्या फुंकरीला एक रुपया नाही. ज्याने कोणी ही कलमं लिहिली त्याच्या डोक्यात दुष्टावा नसणार. त्याच्या डोक्यात खाट होती.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे असंही म्हणता येत नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये छापला. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि ७.५ टक्क्यांना लक्षणांसकट हा आजार होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत ‘स्लीप ॲप्निया’ हे शब्द आले, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, “म्हणजे काय?”

मग आम्ही काय केलं? आधी क्लेमसाठी भांडले. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यातही कार्यालय आहे, फी लागत नाही. पण माझ्या केसमध्ये कलम इतकं स्वच्छ होतं की जिंकण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तर तिथून प्रयत्न करा. घरात कोणी केंद्र सरकारी नोकरीत किंवा निवृत्त असेल तर सीजीएचएसमधून मशीनचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, फक्त टेस्ट आणि परवानगी त्यांच्या नियमाने घ्यावी लागते. बाबा खासगी बसवर, त्यामुळे तो रस्ता बंद.

विकत घेण्याआधी एक महिना मशीन भाड्याने घेतलं, हे आमचं सगळ्यात शहाणपणाचं काम. भाडं ४ हजार आणि डिपॉझिट. पहिला मास्क बाबांना बसेना, मिशीतून हवा सुटायची. दुसरा नाकाच्या खाली बसणारा निघाला, तो जमला. आधीच विकत घेतलं असतं तर तो पहिला मास्क कपाटात गेला असता आणि त्याच्या मागोमाग मशीनही. सेकंडहँडही बघितलं. पण २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणाऱ्या फोमच्या दोषामुळे आपली लाखो मशिनं परत बोलावली होती, त्यामुळे मॉडेल आणि सीरियल नंबर न तपासता कोणाचं जुनं मशीन घेऊ नका. शेवटी नवंच घेतलं, सहा हप्त्यांत. नंतर काकांची टेस्ट करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना विचारून घरीच केली, साडेचार हजारांत. सगळ्यांना ती चालत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर हॉस्पिटलमधलीच लागते. पण विचारायला काय जातं? आम्ही पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं.

बाबांनी मालकाला सांगायचं की नाही यावर घरात आठवडाभर वाद झाला. आईचं म्हणणं, सांगितलं तर नोकरी जाईल. मी म्हणाले, चाळीस माणसं बसतात हो मागे. बाबा गप्प होते. शेवटी त्यांनी स्वतःच मालकाला फोन केला आणि दोन महिने रात्रपाळीच्या फेऱ्या सोडल्या. पगार कमी आला, हप्ते माझ्याकडून गेले.

मशीनच्या स्क्रीनवर रोज सकाळी आकडा येतो. ४१ चा आता ३ झालाय. बाबा उठल्यावर आधी तो बघतात, मग चहा. पहिल्या आठवड्यात आई मात्र रात्री दोनदा-तीनदा उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायची. घोरण्याचा आवाज नाही म्हणून तिला झोप येत नव्हती.