हेरोदाची बिदागी

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात लोहारांच्या संघाने १४९० साली आपल्या धार्मिक नाटकाचा खर्च लिहून ठेवला. ख्रिस्ताची भूमिका करणाऱ्यास दोन शिलिंग, हेरोदास तीन शिलिंग चार पेन्स आणि पिलातास चार शिलिंग, अशी बिदागी त्यात नोंदली आहे. तारणाऱ्यापेक्षा त्याला क्रुसावर धाडणाऱ्याचे मोल दुप्पट! यात कोणाचा पाखंडीपणा नव्हता. पिलात आणि हेरोद यांच्या वाट्याला गर्जना असत, पल्लेदार भाषणे असत; गर्दी त्यांच्यासाठी थांबे. तथापि नाताळच्या रंगभूमीचा पुढील पाचशे वर्षांचा इतिहास या तीन आकड्यांत सामावला आहे, असे मला वाटते.

युरोपातील धार्मिक नाटक वेदीच्या सान्निध्यात जन्मले. अकराव्या शतकाच्या सुमारास नाताळच्या उपासनेत मेंढपाळांना एक प्रश्न विचारला जाई आणि ते गाऊन उत्तर देत. एवढेच ते नाटक. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्यो गावी खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाणी मांडून ख्रिस्तजन्म लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला. पुढे ही नाटके चर्चच्या दाराबाहेर पडली आणि कारागिरांच्या संघांनी ती आपल्या खांद्यावर घेतली. ख्रिस्तशरीराच्या सणाला चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभारून ती चौकाचौकांत होत. कॉव्हेंट्रीच्या नाटकांपैकी आज दोनच शिल्लक आहेत. मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशापासून निष्पाप बालकांच्या हत्येपर्यंतचे एक नाटक कापडाची कातरणी करणाऱ्यांचे व शिंप्यांचे. मंदिरातील बाळ येशूच्या समर्पणाचे दुसरे विणकरांचे. चादरीच्या मागांवर वाढलेल्या आपल्या सोलापूरकरांना या विणकरांविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही. शिंप्यांच्या नाटकात हेरोद क्रोधाने गाडीवरून उतरून थेट रस्त्यातील गर्दीत शिरतो, अशी सूचनाच संहितेत लिहिलेली आहे.

या नाटकांना हसण्याचे वावडे नव्हते. वेकफिल्डच्या एका नाटकात मॅक नावाचा भुरटा मेंढी चोरतो आणि तिला बाळाप्रमाणे पाळण्यात निजवतो. मेंढपाळ त्या खोट्या पाळण्यावर हसतात आणि तेथून खऱ्या गव्हाणीकडे जातात. संत एकनाथांचे भारूड ज्याने ऐकले आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही. सोंगाच्या हशातून श्रोता परमार्थाच्या दाराशी येऊन पोहोचतो.

धर्मसुधारणेच्या वादळात मात्र हे सारे विझले. कॉव्हेंट्रीची नाटके १५७९ साली अखेरची झाली. १६४२ मध्ये प्युरिटन मंडळींनी नाट्यगृहे बंद केली आणि १६४७ मध्ये खुद्द नाताळचा सणच रद्द ठरविला. पुढे रंगभूमी परत आली, नाताळही परत आला. पण गव्हाणी रंगमंचावर परतली नाही. अठराव्या शतकात जॉन रिच यांनी इटालियन विदूषकांच्या धर्तीवर मूकनाट्ये बसविली आणि त्यांतून ‘पॅन्टोमाइम’ उभा राहिला. नाव मूकनाट्याचे, पण १८४३ च्या कायद्याने छोट्या नाट्यगृहांनाही संवादांची मोकळीक मिळाल्यावर तो चांगलाच बोलका झाला. विषय मात्र सिंड्रेला, अल्लादीन अशा परीकथांचे.

ज्याने तमाशातील गण-गौळण-वग पाहिला आहे, त्याला पॅन्टोमाइमची रात्र समजावून सांगावी लागत नाही. तेथे पुरुष लुगडे नेसल्यासारखा झगा घालून प्रौढ बाई होतो. ती हुबेहूब आपल्या गौळणीतील मावशी! सोंगाड्याप्रमाणेच तीही ताज्या घडामोडींवर कोट्या करते. खलनायक पाठीमागे आला की मुले ओरडून नायकाला सावध करतात. सज्जन पात्राने उजवीकडून यावे आणि दुष्टाने डावीकडून, हा संकेत जुन्या धार्मिक नाटकांतील स्वर्ग-नरकाच्या मांडणीतून आला, असे नाटकवाले सांगतात. मूळ घर सुटले, तरी उंबरठ्याची आठवण राहिली म्हणायची.

१८७९ मध्ये ऑगस्टस हॅरिस यांनी लंडनचे ड्रुरी लेन नाट्यगृह हाती घेतले आणि संगीत-सभागृहांतील नामवंतांना नाताळच्या खेळात आणले. तेव्हापासून लोक कथा पाहण्यापेक्षा ‘त्याला’ पाहण्यास अधिक येऊ लागले. ही प्रथा आजही चालू आहे. १९०२ साली डॅन लीनो यांनी गाजविलेली ‘मदर गूज’ २०२२ मध्ये सर इयान मॅकेलन यांनी रंगविली. गरीब पण समाधानी असलेली ही म्हातारी धन मिळताच सौंदर्याच्या मागे लागते आणि हातचे सुख गमावते, ही कथा प्रवचनात शोभावी अशीच आहे.

परंतु या कीर्तीची किंमत कलावंतांनी चुकविली. १८०६ च्या ‘मदर गूज’मुळे अमर झालेले विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी उड्या मारून मारून पन्नाशीच्या आतच पांगळे झाले. लीनो यांचे मन १९०३ मध्ये ढासळले आणि पुढल्याच वर्षी, अवघ्या ४३ व्या वर्षी ते निवर्तले. ग्रिमाल्डींच्या स्मरणार्थ फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लंडनच्या एका चर्चमध्ये विदूषक रंगीत वेशातच प्रार्थनेला जमतात. हसविणाऱ्यासाठीही कोणीतरी प्रार्थना केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

वाचकहो, आता एक योगायोग पाहा. कॉव्हेंट्रीची नाटके ज्या १५७९ साली बंद पडली, त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला थॉमस स्टीफन्स हे तिशीतले इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरले. जुन्या पोथ्या हातून गेलेल्या नवख्रिस्ती मंडळींना त्यांच्याच भाषेत काही हवे होते. फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि चर्चमध्ये रविवारी व सणावारी गाइले जाऊ लागले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तजन्माची कथा आहे. इंग्लंडच्या चौकातून हद्दपार झालेली गव्हाणी मराठी ओवीत विसावली. तेथे नामवंत नट नव्हता, बिदागी नव्हती. सारा धर्मग्राम श्रोता होता आणि गायकही.

म्हणून धर्मग्रामाच्या नाताळ-सोहळ्याला दूरचित्रवाणीवरील एखादा प्रसिद्ध कलावंत आणावा काय, असा प्रश्न निघाला म्हणजे मला लोहारांची ती हिशेबवही आठवते. कलावंताचा मी वैरी नाही. हास्य हे देवाचे देणे आहे आणि मॅक चोराला आमच्या नाटकात जरूर जागा असावी. पण नाताळच्या नाटकाचा नायक बोलत नाही. त्याला एकही वाक्य नाही, प्रवेश नाही, टाळी नाही. तो केवळ गव्हाणीत पडून असतो. इतरांनी आपापला आवाज थोडा खाली आणला, तरच प्रेक्षकांची नजर त्याच्याकडे वळते. गर्दी जमविणे सोपे आहे. हेरोदालाही ते साधत होते. मागावरून घरी परतलेला बाप जेव्हा आपल्या लेकराला मेंढपाळाच्या वेशात ओळखतो आणि त्याच्या बोटाच्या दिशेने गव्हाणीकडे पाहतो, तेव्हा त्या रात्री जे घडायला हवे ते घडलेले असते.